बाईंनी गायलेली ओळ

पेटीवाल्या बाई गाणाऱ्याच्या तोंडाकडे कधी बघत नसत. डावा हात भात्यावर, उजवा सुरांवर आणि नजर समोरच्याच्या खांद्यावर. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "तोंडाला हसता येतं पोरी, खांद्याला न्हाई. श्वास अडकला की आधी खांदा वर जातो."

रेणापूरच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या. वडील गावोगाव भीमगीतांचे कार्यक्रम करायचे. पेटी त्यांच्याकडून हातात आली. लातुरात कार्यक्रम कुणाचाही असो, गायक बाहेरून आलेला नामांकित असो की कालपरवा गायला लागलेला, साथीला बहुतेक बाईच. शाळा सुटली की मिळेल ती गाडी धरून यायच्या, बोटांना खडू तसाच. नव्या मुलीला पट्टी विचारायच्या आधी त्या विचारत, "जेवलीस का?" नाही म्हटलं की डब्यातलं धपाटं पुढे येई, आणि ते संपेपर्यंत पेटीचं झाकण उघडत नसे.

स्वतः मात्र त्या गात नसत. तरुणपणी एका स्पर्धेत भर सभेत त्यांचा आवाज फाटला होता आणि लोक हसले होते. तेव्हापासून माइकसमोर तोंड उघडलं नाही. हे त्यांनी मला एकदाच, मुरुडच्या बसची वाट बघताना सांगितलं, आणि लगेच विषय बदलला.

काही वर्षांपूर्वी एका वाहिनीनं लातुरात गाण्यांची मैफल ठेवली. थेट प्रक्षेपण. एक मोठ्या गायिका आणि आम्ही तीन नवे. मुरुडला आमच्या घरी आईनं टीव्हीसमोर अर्धी गल्ली गोळा केली होती. तालमीत बाई म्हणाल्या की फळ्यावरचं पुसता येतं, हे पुसता येत नाही, तेव्हा पाठांतर पक्कं ठेव. पाठांतर पक्कंच होतं. पण सुरुवात करणाऱ्या मोठ्या गायिकांची गाडी अहमदपूरच्या अलीकडे अडकली, आणि दुसऱ्या क्रमांकावर गाणारी मी ऐनवेळी पहिली झाले.

पहिलं कडवं नीट झालं. मधले सूर वाजले, दुसरं कडवं सुरू करायचं, आणि मला एकही शब्द आठवेना. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा तेवढा दिसत होता. बाईंनी तेच सूर पुन्हा वाजवले. मग तिसऱ्यांदा. तबलेवाले काका त्यांच्याकडे बघायला लागले. माझं डोकं कोरंच.

तेवढ्यात डावीकडून एक जाडसर, किंचित कापरा आवाज आला. पेटीसाठी लावलेल्या माइकवर बाई गात होत्या. मान खाली, डोळे मिटलेले. दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ त्यांनी पूर्ण म्हटली आणि माझ्याकडे बघून मान हलवली. पुढची ओळ माझ्या तोंडून आपोआप निघाली. उरलेलं गाणं आम्ही तसंच म्हटलं, एक ओळ त्यांची, एक माझी.

टाळ्या पडल्या तेव्हाही माझा विश्वास बसत नव्हता. मागे आलो तर कार्यक्रमाचे दिग्दर्शक समोर उभे. हे दोघींनी गायचं कधी ठरलं, असं त्यांनी जरा चढ्या आवाजात विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "तालमीत सांगायचं राहून गेलं. माझी चूक." ते घड्याळ बघत पुढच्या गाण्याच्या तयारीला गेले. पाठोपाठ आईचा फोन आला. तुमचं दोघींचं लई छान बसलं म्हणाली, शेजारच्या काकूंना तर बाईंचाच आवाज आवडला. मी ओळ विसरले होते हे कुणालाच कळलं नव्हतं. मी तिथल्या खुर्चीत बसले.

बाई शेजारी येऊन बसल्या.

"माझा आवाज फाटला का गं?"

"शेवटी थोडा," मी म्हणाले. त्यांच्याशी खोटं बोलवेना.

त्यांनी मान डोलावली. "हाव. पण हसलं न्हाई कुनी." मग पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "तीस वर्षं उगंच भ्याले."

निवृत्तीनंतर त्या लेकीकडे नांदेडला राहायला गेल्या. बोटांचे सांधे आखडले आणि वाजवणं सुटलं. हे कळल्यावर त्यांना भेटायला जायचा मला धीर होईना. पेटीशिवायच्या बाई कशा बघायच्या? शेवटी या दिवाळीनंतर गेले. दुपारची वेळ होती. टीव्हीवर कुठलीशी मैफल थेट चालू होती, एक नवी मुलगी गात होती, आणि बाई उशीला टेकून निवांत पडल्या होत्या. चेहरा माझ्या आठवणीतल्यापेक्षा भरलेला. मी जवळ बसून सवयीनं विचारलं की ही लय जरा पुढे पळते आहे का.

"मला काय विचारू नको आता," त्या म्हणाल्या. "जन्मभर दुसऱ्याचा श्वास मोजला. आता नुसतं गाणं ऐकायलेय."

आणि माझा हात हातात घेऊन, त्या मुलीचं दुसरं गाणं संपायच्या आत, त्या गाढ झोपून गेल्या.