बाबांनी उकडलेली अंडी

आई अंगणात घसरून पडली आणि तिचा उजवा हात मनगटापाशी मोडला, तेव्हा तिला आणि बाबांना मी गावाहून नागपुरात माझ्याकडे घेऊन आले. आमचं गाव नरखेड तालुक्यातलं. बाबांनी आयुष्यभर संत्र्याची बाग केली. विहिरीवरची मोटार बंद पडली की स्वतः खोलून बसणारा हा माणूस, पण घरातला गॅस त्यांनी पेटवलेला मी कधी पाहिला नव्हता. चहासुद्धा त्यांना हातात मिळायचा.

हाडांच्या डॉक्टरांनी आईला रोज अंडी खायला सांगितली. माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी अंड्याला हात लावत नाहीत. कामाला लागतानाच त्यांनी तसं बजावलं होतं. मी एकटी राहते, सकाळी मिहानमधल्या ऑफिसला निघते ती दिवस मावळल्यावरच घरी येते. निघताना उकडून ठेवीन म्हटलं, तर गार झालेल्या अंड्याचा वास आईला सहन होईना.

"मी देतो उकडून," बाबा म्हणाले.

आई गळ्यातल्या पट्टीतला हात सांभाळत हसली. "तुमाले गॅस तरी पेटवता येते का?"

"काहून हासून राहिली वं? शिकीन ना!"

रविवारी मी त्यांना ओट्यापाशी उभं केलं. अंडी फ्रिजमधून आधीच काढून ठेवायची. गंजात, म्हणजे पातेल्यात, ठेवून ती बुडून वर बोटभर येईल इतकं साधं पाणी घालायचं, चिमूटभर मीठ टाकायचं. पाण्याला उकळी फुटली की आच कमी करायची आणि तिथून दहा मिनिटं मोजायची. मग लगेच गार पाण्यात. बाबा हात मागे बांधून ऐकत होते. "फ्रिजमधून आधी काहून काढाचे?" "गार पाण्यात काहून टाकाचे?" मला जमतील तशी उत्तरं मी दिली. एखादं अंडं पाण्यावर तरंगलं तर ते जुनं समजून बाजूला ठेवा, असं सांगितलं, तेव्हा त्यांनी खूश होऊन मान हलवली. बियाणं ते पाण्यात टाकूनच पारखत आले होते.

सोमवारी ऑफिसात आईचा फोन आला. बाबांनी घाईत फ्रिजमधली अंडी थेट उकळत्या पाण्यात सोडली होती. टरफलं तडकली आणि पांढरा फेस गंजाबाहेर आला. "पण मी खाल्ले," आई म्हणाली, "चांगले लागले." ती खोटं बोलत होती, हे मागून आलेल्या बाबांच्या आवाजावरून कळलं. "काय चांगले? फेसच फेस होता!"

मंगळवारी त्याहून वाईट झालं. गंज गॅसवर ठेवून बाबा बाल्कनीत गावाकडच्या गड्याशी फोनवर बोलत बसले. पाणी आटलं आणि अंडी फटाक्यासारखी फुटली. मी घरी पोचले तेव्हा घरभर जळका वास होता, पिवळ्या बलकाचे तुकडे छताला चिकटले होते आणि बाबा स्टुलावर चढून फडक्याने ते पुसत होते.

"मले नाही जमत," ते खाली न बघता म्हणाले. "तू दुसरी बाई पाहा."

मी काही बोलायच्या आत आईच बोलली. "पयल्या साली बांधलेले कलम किती जगले होते तुमचे? समदे वाळले होते. तवा म्हनले होते का, मले नाही जमत म्हणून?"

बाबा स्टुलावरून उतरले. फडकं धुतलं, पिळलं, वाळत घातलं. रात्री जेवताना म्हणाले, "तो मोबाइलमधला अलार्म कसा लावतात, दाखव मले."

त्यानंतर ते गॅससमोरून हलेनासे झाले. उकळी फुटेपर्यंत उभे, अलार्म वाजेपर्यंत उभे. आठवडाभरात सोलणंही साधलं. अंडं ओट्यावर हलकेच आपटून तळव्याखाली फिरवायचं आणि रुंद टोकाकडून, जिथे आत पोकळी असते, तिथून सोलायला घ्यायचं. सुरीने बलक चुरतो म्हणून त्यांनी शिवणाचा दोरा घेतला. दोन्ही हातांनी ताणून धरलेला तो दोरा अंड्यातून असा जायचा की दोन्ही फाका गुळगुळीत. वर मीठ आणि भिवापुरी तिखट. ताटली आईपुढे ठेवून ते समोर बसायचे आणि पहिला घास तिच्या तोंडात जाईपर्यंत काही बोलायचे नाहीत.

मग आईला बघायला मोठे काका आले. बाबांचे थोरले भाऊ. आमच्या घरात त्यांच्यासमोर आवाज चढवायची कुणाची टाप नाही. मी त्या दिवशी घरीच होते. अंड्यांची वेळ झाली तसे बाबा उठले. मी म्हटलं, "बसा बाबा, मी करते." त्यांनी नुसता हात हलवला आणि आत गेले. काकांनी दारातून डोकावून पाहिलं.

"काय गा, बायकोले अंडे उकडून देऊन राहिला काय आता?"

आईने मान खाली घातली. बाबांनी आच कमी केली, अलार्म लावला आणि मग वळले.

"हो, दादा. रोज देतो. तुमच्यासाठी बी टाकले आहेत."

आवाजात ना राग होता, ना लाज. ताटली पुढे आली तेव्हा त्या दोऱ्याने कापलेल्या फाका काकांनी उलटसुलट करून पाहिल्या, खाल्ल्या, आणि आणखी एक मागितलं. आई माझ्याकडे बघत होती. प्लास्टर घातलेल्या बाईची मान इतकी ताठ झालेली मी कधी पाहिली नव्हती. मीही तशीच दिसत असणार.

हात जुळल्यावर दोघं गावी परतले. परवा आईचा फोन आला, तो तिच्या बहिणीच्या घरून. लग्नानंतर पहिल्यांदाच ती बाबांना घरी ठेवून आठवडाभर राहायला गेली होती.

"बाबांच्या जेवणाचं काय?" मी विचारलं.

"काय म्हंजे?" आई म्हणाली. "करून खातात. काल खिचडी टाकली होती म्हणे. खाली लागली, पण खाल्ली." आणि मग फोन कानाशी तसाच ठेवून, मावशीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, "आमच्या घरी माणसाले समदं येते वं!"