अठ्ठावीस माणसांची इर्जिक

माझी बायको गेली तेव्हा तिच्या हाताखाली अठ्ठावीस माणसं होती. माझ्या हाताखाली उभ्या जन्मात एवढी कधी आली नाहीत. कांदा काढायला बारा-पंधरा बाया यायच्या, त्याही दोन दिवसांपुरत्या. तिची माणसं चार वर्षं टिकली, आणि त्यातल्या एकालाही तिनं डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. ती सगळी तिच्या मोबाईलात राहायची.

मी चौथीपर्यंत शिकलोय. चुकलंमाकलं असेल तर असू द्या.

राहुरीच्या अंगाला आमचं अडीच एकर रान आहे. चाळीस वर्षं ती माझ्याआधी बांधावर पोचायची. मग गुडघे गेले आणि तिचं रानात येणं बंद झालं. दिवसभर खाटेवर बसून भिंतीकडं बघायची, म्हणून सुनेनं फोनात शेतीचा खेळ घालून दिला. त्यात प्रत्येकाचं एक शेत असतं. गहू पेरायचा, मका पेरायचा, कोंबड्यांना दाणा टाकायचा. अशा शेतकऱ्यांची मिळून एक टीम, आणि दर आठवड्याला टीमाटीमांची शर्यत. जास्त काम करेल ती टीम वरच्या पायरीवर चढते. टीमचा एक लीडर असतो. कोणाला घ्यायचं, कोणाला काढायचं, ते त्याच्या हातात.

मी तिला डिवचायचो, "खोट्या रानात काय पिकतंय गं?"

"तुमच्या खऱ्यात पिकलं त्यापेक्षा जास्तच," ती मान वर न करता म्हणायची.

वर्षभरात ती लीडर झाली. कशी, ते मला ती गेल्यावर कळलं. तिनं तिथं इर्जिक चालू केली होती. आमच्या लहानपणी गावात इर्जिक व्हायची. आज एकाचं रान नांगरायचं असलं की सगळे आपापले बैल घेऊन त्याच्याकडं जायचे, दिवस मावळायच्या आत रान उलथून मोकळे. मजुरी काही नाही. ज्याचं रान त्यानं सगळ्यांना दुपारचं जेवू घालायचं. ट्रॅक्टर आले आणि ते मोडलं. हिनं ते फोनात पुन्हा उभं केलं. सकाळी ती सांगायची, आज अमक्याचं रान. मग अठ्ठावीसजण आपलं काम बाजूला ठेवून त्याला माल पाठवायचे. उद्या दुसऱ्याला. त्या रेट्यावर तिची टीम पार वरच्या पायरीला जाऊन बसली होती. मी शेजारी तंबाखू मळत बसायचो. एकदाही फोनात वाकून बघितलं नाही.

मागच्या हिवाळ्यात तिच्या छातीत दुखायला लागलं. नगरला दवाखान्यात नेलं. गाडीवर झोपवून आत न्यायला लागले तेव्हा तिनं फोन माझ्या हातात दिला.

"संध्याकाळी मका काढून घ्या. आन् कोपरगावची दिसली न्हाई तरी तिला काढू नका. तिचा हंगाम चालू हाय."

मी म्हणालो, "आधी सोताचं बघ. कोपरगावचं काय घेऊन बसलीस."

एवढंच आमचं शेवटचं बोलणं. त्यातलं माझं वाक्य मला रोज आठवतं.

ही कोपरगावची म्हणजे टीममधलीच एक बाई. एका साखर कारखान्याच्या फाटकाबाहेर ती आणि तिचा नवरा चहाची टपरी चालवतात. गाळप सुरू झालं की उसाच्या गाड्यांची रीघ लागते, तिला हात धुवायला सवड नसते, फोन कुठला बघते. दिवाळीला गायब व्हायची ती पट्टा पडून गाळप संपलं की उगवायची. आली की मात्र दोघांचं काम एकटी उपसायची. माझ्या बायकोला हे माहीत होतं. फोनाला नव्हतं.

आम्ही राख सावडून घरी आलो तर फोन वाजत होता. टीमचा एक ग्रुप होता, त्यात एकेकाचे निरोप. मावशी, आज कोणाचं रान? मावशी, कुठं हाये तुम्ही? सून म्हणाली, "नाना, ह्यांना काय कळवू?"

मी म्हणालो, आण इकडं. आणि फोनात बोललो. "मी तिचा मालक बोलतोय. मंडळी परवा वारली. घरात सुतक हाय. तेरावा होईस्तोवर कोणी पेरायचं न्हाई, काढायचं न्हाई. बैल सोडून ठेवा."

मला वाटलं हेच बरोबर. ज्याच्या घरी मयत, त्याची इर्जिक थांबते. आणि त्या माणसांनी ऐकलं हो! पुण्याचा एक, नागपूरकडच्या दोन बहिणी, आणि ज्यांच्यात सुतक पाळत नाहीत असेही चारजण, सगळ्यांनी हात बांधून ठेवले. नातेवाइकांनी पाळलं नाही तेवढं त्यांनी पाळलं.

खेळानं नाही पाळलं. दोन शर्यती कोऱ्या गेल्या. तेराव्यानंतर फोन उघडला तर टीम वरून खाली येऊन पडलेली. कोणी मला शिवी दिली नाही, पण आधीसारखं कोणी बोलेनाही.

मग मी लीडरकी करायला बसलो. तिच्याच फोनावरून, तिच्याच नावानं. रोज दुपारी जेवण झालं की चष्मा लावायचा. आज अमक्याचं रान म्हणून सांगायचो, आणि ज्याला अंडी पाहिजेत त्याच्याकडं गहू लोटायचो. बोटं जाड, एक दाबायला जावं तर दुसरंच दाबलं जातं. सून दाखवायची, पण तिला दोन म्हशी, घर, माझा चहा. ती तरी किती दाखवेल? टीम आणखी खाली गेली.

एक दिवस केडगावच्याचा फोन आला. हा टीममधला सगळ्यात हुशार गडी, कुठल्याशा कंपनीत पाळ्या करतो.

"काका, अकराजण झोपलेत. काढून टाका त्यांना. नवीन घेऊ."

"कोणाला काढायचं न्हाई. ती सांगून गेलीय."

"मग मला लीडर करा. न्हाईतर मी दहा-बाराजण घेऊन दुसऱ्या टीमला जातो. राग धरू नका काका. मावशी असत्या तर मी हाललो नसतो."

खरं बोलला. त्याला काय दोष द्यायचा? तीन दिवस मी तोच हिशेब करत होतो. तो गेला तर टीम मोडणार, आणि दिलं तर तो माणसं काढणार. शेवटी मीच फोन केला.

"देतो. पण कोपरगावचीला हात लावायचा न्हाई. हंगामात ती नसतीच."

"काका, गेमला कुठला आलाय हंगाम?" तो हसला. मग म्हणाला, "बरं, बघतो."

या 'बघतो'वर मी विश्वास ठेवला. तलाठ्यापासून वायरमनपर्यंत जन्मभर हाच शब्द ऐकला, त्याचा अर्थ मला माहीत पाहिजे होता. सुनेनं बटण दाखवलं, मी दाबलं. यादीत सगळ्यात वर तिचं नाव होतं, ते खाली गेलं. दुसऱ्या दिवशी अकरा नावं गायब. कोपरगावची त्यात होती. ग्रुपातूनही काढलेली.

होळी झाली, कारखान्याचा पट्टा पडला, आणि एका दुपारी बायकोच्या फोनावर बाईमाणसाचा आवाज आला.

"मावशी हायेत का ओ? मी कोपरगावहून बोलती. आज फोन उघडला तर मी टीममधीच न्हाई. मावशी रागावल्या का माझ्यावर?"

तिला काहीच माहीत नव्हतं. हंगामभर तिनं एकही निरोप ऐकला नव्हता.

"बाई, मावशी न्हाईत आता. थंडीतच गेल्या."

पलीकडं कपबश्यांचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "मग मला काढलं कोणी?"

"मी," म्हणालो. केडगावच्याचं नाव सांगायला तोंड झालं नाही. बटण मीच दाबलं होतं.

"आसू द्या काका," ती म्हणाली. रडत होती. "जागा झाली तर घ्या परत. मावशींची टीम हाय म्हणून म्हणती. दुसरीकडं करमायचं न्हाई."

मी लगेच केडगावच्याला लावला. तो पोरगा वाईट नाही. म्हणाला, "काका, घेतली असती. पण तीसच्या तीस जागा भरल्यात. सगळे खेळणारे. आता कोणाला काढू सांगा?" आणि वर म्हणाला, "तुमचं राहू द्या. तुम्ही खेळला न्हाई तरी मावशींचं नाव मी काढणार न्हाई."

तो चांगल्या मनानं बोलला, आणि त्यानंच माझी पंचाईत केली. तीस जणांत धड न खेळणारं नाव एकच आहे, ते तिचं. ते निघालं की कोपरगावची आत येते. टीममधून निघायचं बटण सुनेला विचारून घेतलंय. दाबलं की फोन विचारतो, नक्की निघायचं का? तिथं दोन चौकोन येतात, हो आणि नाही.

ती असती तर हो दाबून चहाला बसली असती. जन्मभर तिनं तेच केलं, आधी दुसऱ्याला वाढलं. मला ते जमत नाही. आठ दिवस झाले, रोज तिथपर्यंत जातो आणि नाही दाबून येतो.

काल कोपरगावचीनं विचारलं, "झाली का जागा, काका?"

"न्हाई अजून," म्हणालो. मग मका काढला, पुन्हा मकाच पेरला. मला तेवढंच येतं.