चौकातली कोरी जागा

दर रविवारी मी बोरिवलीहून पाहुणे घेऊन जंगलातल्या वारली पाड्यावर जातो. पाडा आता पाहुण्यांवरच जगतो. तिथली एक बाई मान वर न करता कापडी पिशव्या रंगवते. सायकल सांगा, मेट्रो सांगा, थकल्या हातानं काढून देते. लग्नात घराच्या भिंतीवर रंगवतात तो चौक काढला, की मधली देवीची जागा मात्र कोरी सोडते. "लगीन नाय, तर देवी कशी बसवू, दादा?"

परवा एका पाहुणीला ती जागा फार आवडली. "झकास! इथे आमचं नाव टाक ना."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मला उशीर होत होता. "टाक गं," मी म्हणालो.

तिनं रंगाची काडी माझ्यापुढे धरली. "तूच लिव, दादा."

मी लिहिलं.