कुशाबाच्या नावाने

परळच्या गिरणीत लहू बदली कामगार होता. कुशाबा कामावर आला नाही की त्याचे माग लहूच्या अंगावर. खात्याचा मुकादम, जॉबर, हाक कुशाबाच्याच नावाने मारायचा. ओ लहू द्यायचा.

"मागाला हात लागतात रे, नाव नाही," जॉबर म्हणायचा.

संप झाला. गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही. कुशाबा गावी गेला आणि तिथेच वारला. बारावी झालेला लहू दादरला कॉम्प्युटर शिकला आणि वरळीच्या एका ऑफिसात ऑपरेटर म्हणून चिकटला. तिथेही हंगामीच.

एका दुपारी पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटली: 'कुशाबा: फाइल सापडत नाही.'

त्याच्या वरच्या सुनेत्रा मॅडम मागेच उभ्या होत्या. "हा कुशाबा कोण रे? आपल्याकडे तर असा कोणी नाही."

लहू पडद्याकडे बघत म्हणाला, "माहीत नाही, मॅडम."

"छपाईचा प्रोग्राम बोलतोय तो. त्याला दिलेलं नाव सांगतोय. त्याला सुरू करणारा प्रोग्राम तूच लिहिलास ना?"

खरं होतं. एक प्रोग्राम आपली जागा दुसऱ्याला देतो, तेव्हा मशीन जुन्याची मेमरी पुसून टाकतं. मशीनने प्रोग्रामला दिलेला नंबर तेवढा तोच राहतो. नव्याच्या हाती फक्त जुन्याने दिलेले शब्द पडतात. आधी नव्याचं स्वतःचं नाव, मग कामाच्या सूचना. नाव खरं की खोटं, मशीन बघत नाही. नवाही तेच आपलं धरून चालतो.

लहूने उघडून पाहिलं. नावाच्या जागी कुशाबा. टाइप करणारे हात त्याचेच, पण ते नाव कधी टाकलं, आठवेना.

"काढ ते. उद्या साहेब तुला कायम करणारेत. भुतं पाळतोस म्हणतील," मॅडम हसल्या.

लहूने नाव पुसलं, प्रोग्रामचं खरं घातलं, फाइलची चूकही सुधारली. छपाई सुरळीत झाली. कुशाबा गेला, आणि काही म्हणता काही अडलं नाही. गरम कागद हातात धरून लहू बराच वेळ उभा होता.

दुसऱ्या दिवशी तो कायम झाला. त्यानंतर त्याने कधी रजा घेतली नाही. एकदा अंग तापाने फणफणलं तरी तो शर्ट चढवू लागला.

बायको रमा दारात आडवी आली. "अहो, एक दिवस बसेल की कोणी बदली!"

"बसेल. हाक माझ्या नावाने मारतील, ओ तो देईल," लहू म्हणाला. "आणि काम होईल, रमा."

तिला बाजूला सारून तो जिना उतरला.