पिशवी आली, बर्ट नाही आला

दुपारी दोनला नेव्हिलने व्हॅनमधून बर्टची पिशवी उतरवली, दारात टेकवली आणि चहासुद्धा न घेता तो पुढच्या गावाला गेला.

थेल्मा ऑल्डरसन कील्ड गावातल्या त्या घरात अठ्ठावीस वर्षं वाटसरू उतरवून घेत आली होती. पश्चिमेच्या समुद्राकाठचा खडा खिशात घालायचा, बारा-तेरा दिवस तंगडतोड करायची आणि पूर्वेच्या समुद्रात तो फेकायचा, असल्या वेडापायी माणसं तिच्या दारात चिखलाचे बूट काढत. त्यांच्या पिशव्या तिचा नवरा बर्ट व्हॅनने पुढे पोचवी. स्वतः ती वाट तो कधी चालला नव्हता. आणि आता, बहात्तराव्या वर्षी, व्हॅन पुतण्याच्या, नेव्हिलच्या गळ्यात घालून म्हातारबुवा निघाले!

"डॉक्टरच म्हणाला, चालत जा," असं त्याचं म्हणणं. हृदयात स्प्रिंग बसवून दोन वर्षं झाली होती.

"दुकानापर्यंत म्हणाला होता तो, समुद्रापर्यंत नाही!" थेल्मा ओरडली होती. पण ऐकेल तर तो बर्ट कसला!

अर्धी वाट चालून आज तो नऊ दगडी मनोऱ्यांच्या डोंगरावरून घरी मुक्कामाला उतरणार होता. तीनपर्यंत यायला हवा होता. चार वाजले तरी पत्ता नाही, आणि डोंगर धुक्यात बुडालेला. वरचा काळा चिखल मांडीपर्यंत गिळतो. म्हणून खोली मागायला कुणाचा फोन आला की थेल्मा आधी बजावायची, "धुकं असलं तर डोंगर नको, डांबरी रस्ता धरा." मागून बर्ट हसायचा, "लोक चालायला येतात, डांबर मोजायला नाही."

पाचला तिने पिशवी उघडली. कोरडे मोजे शेगडीपाशी टाकावेत, एवढंच मनात. मोज्यांखाली हाताला लागला जिभेखाली मारायचा औषधाचा फवारा. त्याच्या शेजारी शिट्टी, नकाशा आणि तो खडा.

"औषध पाठीवरच्या सॅकमध्ये, व्हॅनच्या पिशवीत नाही!" म्हणून आयुष्यभर लोकांना झापणारा हाच माणूस. पण हाताला सवय एकच, दिसेल ते पिशवीत कोंबायचं आणि पिशवी व्हॅनमध्ये टाकायची. अरे देवा!

फोन तिने दोनदा उचलला आणि ठेवला. डोंगरात चुकलेल्यांना शोधणाऱ्या पथकात बर्टने वीस वर्षं काढली होती. जुन्या मित्रांनी त्यालाच शोधत यावं, यासारखी नामुष्की नाही. तिसऱ्यांदा मात्र तिने नंबर फिरवला.

"थेल्मा, बर्ट आहे तो," पथकाचा डेनिस म्हणाला. "सापडला तर आम्हालाच शिव्या घालेल."

"घालू दे! शिव्या घालण्याइतका धड तर असू दे!"

आठ माणसं वर गेली. थेल्मा खिडकीशी उभी राहिली. खडा तिच्या मुठीत ओला झाला होता.

सव्वासहाला फाटक वाजलं. बर्ट लंगडत आला, डोंगराकडून नव्हे, डांबरी रस्त्याने.

"मनोऱ्यांपर्यंत गेलो. पुढे हात दिसेना. पार खाली उतरलो आणि रस्ता धरला," तो म्हणाला. "तूच सांगतेस ना सगळ्यांना?"

तिला रडू फुटलं. मग तिने डेनिसला निरोप धाडला, आणि पथक खाली येईपर्यंत बर्टला असं फैलावर घेतलं की शेजारीण दारात आली. बर्ट मान खाली घालून ऐकत होता. डेनिस आत आला तेव्हा तर बर्टचे कान लाल झाले.

"माझा खडा दे," शेवटी बर्ट हळूच म्हणाला. "उद्या निघायचंय."

"समुद्र किती दिवसांवर?"

"सहा."

"सहा दिवस या खिडकीशी? नाही जमायचं मला." तिने फवारा आणि खडा, दोन्ही एप्रनच्या खिशात टाकले आणि जिन्याखालून स्वतःचे बूट काढले. "नेव्हिलला सांग, पिशवी एकच, कपडे दोघांचे."