नुंगूची साल

ताडगोळ्याला तंजावरच्या आमच्या मराठी घरांत नुंगूच म्हणतात. आतलं पाणी न सांडता त्याची पातळ साल सोलायची, आणि तीही बोटांनी नव्हे, हातभर लांब चिमट्यांनी, हे मी एका उन्हाळ्यात शिकले. याचा मला आजही अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सर्जरी शिकत होते आणि आमच्या हॉस्पिटलात दुर्बिणीतून ऑपरेशनं नुकतीच सुरू झाली होती. बारीक छिद्रांतून लांब दांड्यांची हत्यारं पोटात घालायची आणि टीव्हीच्या पडद्याकडे बघत काम करायचं. बोटांना जे थेट कळायचं, ते आता दांडीकडून जाणून घ्यायचं होतं. बाकीचे कोंबडीवर सराव करत. आमच्या स्वयंपाकघरात अंडंही येत नसे, म्हणून मी नुंगू आणले. नव्या रंगीत टीव्हीचं खोकं घरात पडलं होतं. बाबा फिजिक्सचे निवृत्त शिक्षक. त्यांनी खोक्याला दोन भोकं पाडली आणि आत तिरका आरसा बसवला. हॉस्पिटलातून मोडीत निघालेले चिमटे उकळून घेऊन मी रोज त्या आरशात बघत नुंगू सोलायला बसायचे.

सुरुवातीला नुसतं पाणीच पाणी. "असकं सांडलीस की गं!" बाबा म्हणायचे. असकं म्हणजे सगळं. मग फुटलेले नुंगू स्वतःच साखर घालून खायचे आणि वर "आणखी फोड" म्हणायचे. हळूहळू माझ्या हाताला पदम कळू लागलं. हा तमिळ शब्द आम्ही पाकाला, पिठाला, भाताला सर्रास वापरतो. जिथे हात थांबायला हवा ती नेमकी अवस्था म्हणजे पदम. साल सुटायला तयार असली की दांडी हलकी येते, नसली की किंचित मागे ओढते. तिथे हट्ट करायचा नाही, दुसऱ्या बाजूनं जायचं.

त्याच सुमारास एका कंपनीचा माणूस सरावाचं परदेशी यंत्र दाखवायला आला. आमच्या सरांनी जाहीर केलं, यात जो पहिला येईल तो पुढच्या ऑपरेशनात पित्ताशय यकृतापासून सोडवेल. ते काम तोवर सरांशिवाय कुणी केलं नव्हतं. मला ते फार हवं होतं.

मी शेवटची आले. पडद्यावरचे गोळे उचलायचे होते, पण दांड्या हवेत फिरवल्यासारख्या फिरत. काहीच मागे ओढत नव्हतं. माझा हात सवयीनं थांबून वाट बघायचा आणि यंत्र त्याला उशीर म्हणायचं. हाताला जोर जाणवेल असं मॉडेल पुढे येणार आहे, असं कंपनीच्या माणसानं मला समजावलं. माझं डोकंच फिरलं.

"सर, यात पदमच कळत नाही!" मी सगळ्यांसमोर तमिळमध्ये म्हणाले. "मग हे शिकवणार काय?"

सर खाण्याचे दर्दी. त्यांना हसू आलं. "उद्या तुझं पदम घेऊन ये," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी खोकं आणि नुंगू घेऊन गेले. यंत्रावर पहिल्या आलेल्या माझ्या सोबत्यानं पहिल्याच ओढीला टेबल ओलं केलं. माझा नुंगू अख्खा, पांढराशुभ्र बाहेर आला. सरांनी तो उजेडात धरून चहूबाजूंनी पाहिला आणि पुढच्या ऑपरेशनात चिमटे माझ्याकडे दिले.

रुग्ण जवळच्या पापनाशम गावची एक बाई होती. पित्ताशय जवळजवळ सुटत आलं होतं. पडद्यावर शेवटचा पदर सैल दिसत होता, कुणीही ओढला असता. दांडी मात्र मागे ओढत होती. मी थांबले.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"सर, काहीतरी धरून ठेवतंय."

बाजू बदलून पाहिलं, तर मागे एक बारीक रक्तवाहिनी चिकटलेली. ओढलं असतं तर पडदा लालभडक झाला असता. ती बांधली आणि पित्ताशय थेंबही न सांडता बाहेर आलं.

नातेवाइकांशी नेहमी सर बोलत. त्या दिवशी त्यांनी हातमोजे काढले आणि म्हणाले, "नीये पोय सोल्लु." तूच जाऊन सांग.

बाहेर तिचा नवरा हात जोडून उभा होता. "छान झालं, मी केलं!" मी म्हणाले. तो घाबरून माझ्याकडे बघतच राहिला. आनंदाच्या भरात मी त्याच्याशी मराठीत बोलले होते. मग तमिळमध्ये सगळं पुन्हा सांगितलं, आणि "मी केलं" हे जरा जास्तच मोठ्यानं.