धोंडूचा धनंजय

माझ्या वडिलांचं नाव धोंडू. आमच्या गावात, गडबला, त्यांच्या वयाचे चार धोंडू होते: वरच्या आळीतला, दुकानवाला, लंगडा आणि आमचा. आज मी पेणच्या शाळेत शिकवते, माझ्या पटावर एकही धोंडू नाही. त्याचं मला काही नाही, नावं बदलतातच. माझा राग वेगळा आहे आणि दोन वर्षं झाली तरी उतरलेला नाही.

भाचीचं लग्न ठरलं होतं. भाऊ धाटावला कंपनीत सुपरवायझर, राहायला रोह्यात. मुलाकडची माणसं पुण्याची. एका रविवारी तो पत्रिकांचा गठ्ठा घेऊन गडबला आला. पहिली देवापुढे ठेवली, दुसरी बाबांच्या हातात दिली. मी तिथंच तांदूळ निवडत बसले होते. बाबा चौथी शिकलेले, बोट ठेवून वाचतात. आजोबांच्या ओळीवर बोट थांबलं.

"हा धनंजय कोण रं?"

"तुम्हीच, बाबा," भाऊ हसला. "पत्रिकेत जरा बरं दिसतं. पुण्याची माणसं हायत."

बाबांनी पत्रिका नीट मिटली. म्हणाले, "ऱ्हाव दे. पोरीचं लगीन हाय."

त्यांचं हे 'ऱ्हाव दे' ऐकून माझ्या मस्तकात तिडीक गेली.

बाबांच्या आधी आजीची तीन मुलं गेली होती. एकानंही वर्ष पाहिलं नाही. चौथा झाला तेव्हा तिनं त्याला राजा म्हटलं नाही, सोन्या म्हटलं नाही. बारशाला बायका चांगलं नाव सुचवायला लागल्या तशी ती त्यांच्यावर ओरडली, असं आत्या सांगायची. "धोंडा हाय गो माझा! धोंड्याला कोन नेनार?" कुणी अधिक महिन्यात, धोंड्याच्या महिन्यात जन्मला म्हणूनही धोंडू व्हायचा. आमचा मात्र आजीच्या या भीतीनं झाला. हे नाव तेव्हा आळीआळीत होतं, कारण आळीआळीत पोरं मरत होती. एका भेदरलेल्या आईनं मरणाची नजर चुकवायला ठेवलेलं नाव, आणि माझ्या भावाला ते पत्रिकेत बरं दिसेना!

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एसटीनं थेट रोह्याला गेले. चपलाही न काढता दारातूनच म्हटलं, "पत्रिका परत छाप."

"तुला काय जातंय? निम्म्या वाटून झाल्यात."

"बाप बदलून वाटल्यात तू!"

"आवाज खाली कर," तो म्हणाला. मग शांतपणे घाव घातला. "तू तरी बाबांचं नाव कधी सांगितलंस? कॉलेजात वहीवर 'डी.' लिहायचीस. मैत्रिणींना दिनकर सांगितलं होतंस. मी ऐकलंय."

खरं होतं. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि स्वतःच्याही.

भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं विचारलं, "आत्या, धोंडू म्हणजे काय गं?" चोवीस वर्षांच्या मुलीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं. आवाज माझ्या ताब्यात नव्हता, अर्धं तर ओरडूनच सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, फोन उचलला आणि आमच्या समोरच नवऱ्या मुलाला लावला.

"अरे, पत्रिकेत आजोबांचं नाव चुकलंय. धोंडू आहे, धोंडू."

पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून ती म्हणाली, "तो म्हणतो, मग दुरुस्त करा की. त्यात काय?"

त्यात काय! पुण्याच्या माणसांना काहीच नव्हतं. लाज सगळी आमच्याच घरात पोसलेली होती.

पत्रिका पुन्हा छापल्या. भाऊ स्वतः आला नाही, शिफ्टवरून सुटलेल्या एका कामगाराच्या हाती त्यानं गठ्ठा पाठवला. बाबा काठी टेकत घरोघर गेले, जुन्या पत्रिका परत मागून नव्या दिल्या. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, "छापनाऱ्याची चूक झाली." मुलाला त्यांनी वाचवलं. याचाही मला राग आला.

लग्नात भाऊ आणि मी एकाच फोटोत उभे आहोत, मध्ये बाबा. त्यानंतर आम्ही कामापुरतंच बोलतो. बाबा म्हणतात, "सोड ना गो बाय आता." मी हो म्हणते, आणि सोडत नाही.